टोचणी दंडाला आणि मनाला

कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याची घोषणा जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी केली. साथ सरली, वाद मात्र सरला नाही. आजही एखादा चाळिशीतला धडधाकट गृहस्थ अकस्मात कोसळला, की कबरस्तानाच्या फाटकापाशीच कुजबुज सुरू होते, 'लशीने गेला.' बोलणाऱ्याने काही तपासलेले नसते आणि ऐकणाऱ्याला तपासण्याची गरज वाटत नाही. दुसऱ्या बाजूला सुशिक्षितांचा एक वर्ग या कुजबुजीकडे पाहून नाक मुरडतो आणि 'अडाणी लोक' एवढे दोन शब्द उच्चारून मोकळा होतो. आमचे म्हणणे असे की, हे दोघेही एकाच प्रश्नाला बगल देत आहेत.

आमची भूमिका प्रारंभीच स्पष्ट करतो. लस टोचून घेणे हा शेजारधर्म होता आणि आहे, याविषयी आमच्या मनात किंतु नाही. परंतु ज्यांनी लोकांना लस घ्या म्हणून दरडावले, त्यांनी मृतांचा खरा हिशेब लोकांसमोर ठेवला नाही; आणि ज्यांनी लशीविरुद्ध हाकाटी पिटली, त्यांनी त्या लपवाछपवीतून उपजलेल्या अविश्वासावर आपले दुकान थाटले. दडवलेले सत्य आणि पसरवलेले असत्य ही सख्खी भावंडे आहेत. एकाला जवळ करून दुसऱ्याला हाकलता येत नाही.

हा वाद आजचा नाही. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. भारतातील ते पहिले यशस्वी लसीकरण. आपल्या भाषेने त्या रोगालाच 'देवी' म्हटले होते. तेव्हा देवीला सुईने अडवू पाहणारा माणूस अनेकांना पाखंडी वाटला, यात नवल नाही. पुढे प्लेगच्या काळात वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञाने मुंबईत प्लेगची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. लोकांना सांगण्याआधी स्वतःचा दंड पुढे करणे, ही त्याची विश्वास मिळवण्याची रीत होती. त्याच वर्षी पुण्यात रँडसाहेबाच्या प्लेग समितीने दुसरी रीत अवलंबली. सोल्जर घरात घुसले, देवघरे तुडवली गेली, माणसे फरफटत नेली गेली. २२ जूनच्या रात्री चाफेकर बंधूंनी झाडलेल्या गोळ्या हा त्या रीतीचा शेवट होता. आणि त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले यांनी तिसरी रीत दाखवली. प्लेगने ग्रासलेल्या मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात गेल्या आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी मरण पावल्या. शुभवर्तमानातील शोमरोनी माणसाची कथा आपण दरवर्षी ऐकतो. तो शोमरोनी आपल्या महाराष्ट्रात होऊन गेला, हे आपल्या प्रवचनांतून क्वचितच ऐकू येते.

साथीच्या काळात राज्यकर्त्यांपुढे या तीन वाटा असतात. स्वतः पुढे होऊन विश्वास मिळवणे, बळाचा धाक घालणे आणि दुखणाईताला पाठीवर घेणे. आपल्या नाशिकने २०२१ मध्ये यांपैकी कोणती वाट पाहिली?

मार्च २०२१ च्या अखेरीस केंद्र शासनाने देशातील सर्वाधिक उपचाराधीन रुग्णांचे दहा जिल्हे जाहीर केले, त्यांत नाशिक होते. त्या सुमारास शहराच्या बाजारपेठेत शिरण्यासाठी माणशी पाच रुपयांची पावती फाडण्याची युक्ती निघाली. एका तासात खरेदी आटपायची, उशीर झाला तर पाचशे रुपये दंड. गर्दी आवरण्यासाठी हे केले गेले, हे आम्हांस मान्य आहे. परंतु बाजाराच्या तोंडाशी घड्याळ लावून बसणाऱ्या व्यवस्थेने तशीच नजर प्राणवायूच्या टाकीवर ठेवली असती, तर? २१ एप्रिल २०२१ रोजी महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून प्राणवायूची गळती झाली, पुरवठा खंडित झाला आणि त्या दिवशी बावीस माणसे गुदमरून गेली. शासनाने मृतांच्या वारसांना पाच लाख रुपये जाहीर केले, विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. बाजारात तासाहून अधिक रेंगाळणाऱ्याचा दंड पाचशे रुपये असा चोख ठरलेला होता. बावीस जणांच्या श्वासाबद्दल कोणाला किती दंड, हे मात्र शहराला कधी तेवढ्या चोखपणे ऐकवण्यात आले नाही.

लशीची कथाही याहून वेगळी नाही. सीरम इन्स्टिट्यूटची कोविशील्ड जिथे तयार होत होती, ते पुणे आपल्यापासून काही तासांच्या वाटेवर. तरीही एप्रिल २०२१ मध्ये राज्याच्या आरोग्यमंत्र्यांना सांगावे लागले, की साठा तीन दिवस पुरेल इतकाच आहे. केंद्रीय आरोग्यमंत्र्यांनी उलट राज्यावरच अपयश झाकत असल्याचा ठपका ठेवला. आणि या तू-तू मैं-मैंच्या त्याच आठवड्यात देशात 'लस उत्सव' साजरा करण्याचे फर्मान निघाले. १ मेपासून अठरा वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली, ती मोबाईलवर नोंदणी करण्याच्या अटीवर. नोंदणीचे संकेतस्थळ आरंभीचे काही महिने इंग्रजीतच होते. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर मोबाईलची रेंज शोधण्यासाठी टेकडी चढावी लागते. ज्याच्या घरी वेगवान इंटरनेट, त्याने वेळ पटकावावी आणि मोटार काढून खेड्यातल्या केंद्रावर लस घेऊन यावे, आणि त्या खेड्यातल्या माणसाने दुरून पाहावे, असे प्रकार महाराष्ट्रात ठिकठिकाणी घडले. पुढे हाच खेडूत लस घ्यायला कचरू लागला, तेव्हा त्याला अज्ञानी ठरवण्यात आले. ज्याच्या दारावरून पंगत पुढे गेली, त्याने दुसऱ्या दिवशी शिळे अन्न नाकारले, तर त्याला अन्नद्रोही म्हणावे काय?

आता चाचण्यांकडे वळू. चाचणीला धर्माचा विरोध नाही. लेवीय पुस्तक वाचणाऱ्याला हे सांगावे लागू नये. अंगावर संशयास्पद डाग दिसला, की याजकाने तपासावे, सात दिवस वेगळे ठेवावे आणि पुन्हा तपासावे, अशी रीत तिथे घालून दिली आहे. प्रभू येशूनेही बऱ्या झालेल्या कुष्ठरोग्याला आधी याजकाकडे जाऊन स्वतःला दाखवण्यास सांगितले. चाचणी हे सत्य जाणण्याचे साधन आहे. परंतु २०२० च्या वसंतात हीच चाचणी खासगी प्रयोगशाळेत साडेचार हजार रुपयांना पडत होती आणि वर्षभराने महाराष्ट्रात तिचाच दर पाचशे रुपयांवर आला. पहिल्या वर्षी रोजंदारीवरच्या माणसाने चाचणी टाळली, ती रोगाच्या भीतीने की खिशाच्या, याचा निवाडा ज्याने त्याने करावा. पुढे हरिद्वारच्या २०२१ च्या कुंभमेळ्यात झालेल्या चाचण्यांपैकी सुमारे लाखभर चाचण्या बनावट असल्याचे प्रकरण उजेडात आले. चाचणीच खोटी ठरली, की तिच्यावर उभा राहिलेला प्रत्येक आकडा डळमळतो.

आणि आकडे तर असे डळमळले, की आजवर सावरलेले नाहीत. २०२० व २०२१ या दोन वर्षांत कोरोनाने भारतात सुमारे ४ लाख ८० हजार माणसे दगावली, असे सरकारी नोंद सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये त्याच काळातील जादा मृत्यूंचा अंदाज सुमारे ४७ लाख असा दिला. शासनाने तो फेटाळला, मोजण्याच्या पद्धतीवर आक्षेप घेतला. पद्धतीवर आक्षेप घेता येतो. परंतु मे २०२५ मध्ये खुद्द शासनाच्याच नागरी नोंदणीचे २०२१ चे आकडे प्रसिद्ध झाले. २०२० मध्ये सुमारे ८१ लाख मृत्यू नोंदले गेले होते, २०२१ मध्ये १ कोटी २ लाख. एका वर्षात सुमारे एकवीस लाखांची वाढ! सगळेच कोरोनाने गेले, असा आमचा दावा नाही. पण ही माणसे कशाने गेली, हे विचारण्याचा अधिकार त्यांच्या मुलाबाळांना आहे. हे आकडे चार वर्षे उशिराने का आले, हा प्रश्न त्याहून साधा आहे, आणि त्याचेही समाधानकारक उत्तर नाही.

राहिला प्रश्न भाकितांचा. लाटांची भविष्यवाणी करणाऱ्यांची त्या काळी चलती होती. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने सांगितले, की देशाने साथीचे शिखर ओलांडले असून काळजी घेतल्यास फेब्रुवारी २०२१ पर्यंत ती आटोक्यात येईल. ७ मार्च २०२१ रोजी केंद्रीय आरोग्यमंत्र्यांनी साथ अखेरच्या टप्प्यात आल्याचे सांगून टाकले. दोन महिने पुरते उलटले नाहीत, तोच देशातील दैनंदिन रुग्णसंख्या चार लाखांच्या पुढे गेली. त्यानंतर सांगितले गेले, की तिसरी लाट मुलांवर कोसळेल. आयांच्या डोळ्यांची झोप उडाली, राज्यात बालरोगतज्ज्ञांचा कृतिदल नेमला गेला. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनची लाट आली, पण मुलांवर विशेष संकट म्हणून ती आली नाही. चौथ्या लाटेसाठी तर कानपूरच्या आय.आय.टी.तील काही संशोधकांनी २२ जून २०२२ ही तारीखही देऊन ठेवली होती. दुसऱ्या लाटेची आठवण व्हावी असे त्या पावसाळ्यात काहीच घडले नाही.

यावरून 'सगळी भाकिते थापा' असा निष्कर्ष काढणाऱ्यांना आम्ही योना संदेष्ट्याची आठवण करून देऊ इच्छितो. चाळीस दिवसांत निनवे नगरी नष्ट होईल, असे योनाने पुकारले. नगरी नष्ट झाली नाही, कारण राजापासून रंकापर्यंत सर्वांनी गोणपाट नेसून आपली वागणूक बदलली. भाकीत फसले म्हणून रुसून बसला तो एकटा योना. इशारा ऐकून माणसे सावध झाली आणि संकट टळले, तर इशारा खोटा ठरत नाही, तो कारणी लागतो. मुलांसाठी खाटा वाढल्या, त्या वाया गेल्या असे आम्ही मानत नाही. परंतु पवित्र ग्रंथात दुसऱ्या जातीचाही संदेष्टा आहे, यिर्मयाला भर मंदिरात आव्हान देणारा हनन्या. दोन वर्षांत बाबेलचे जू मोडेल, असे त्याने लोकांना आवडणारे भविष्य सांगितले; लोक सुखावले, गाफील राहिले. २०२१ च्या वसंतात आपल्याला योनाने फसवले नाही, हनन्याने फसवले. भीतीच्या भाकिताची किंमत फार तर काही रात्रींची झोप असते. खोट्या दिलाशाची किंमत प्राणवायूच्या रांगेत मोजावी लागली. तरीही समाज आज टिंगल करतो ती योनाची.

आता स्वतःच्या घराकडे पाहू. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ पुरेसे शोधून झाले. लशीविषयीच्या वावड्या उडवण्यात आपला ख्रिस्ती समाज कोणाच्या मागे नव्हता. जून २०२१ मध्ये नाशिकमधील एका गृहस्थांच्या अंगाला लशीनंतर चमचे आणि नाणी चिकटतात, अशी बातमी देशभर गाजली. लशीत लोहचुंबकासारखे काहीही नाही, असा खुलासा शासनाला करावा लागला. तेव्हा आपल्यातले पुष्कळजण हसले. पण त्याच वेळी आपल्या मोबाईलवर काय फिरत होते? लस म्हणजे प्रकटीकरणातील श्वापदाची खूण. लशीत गर्भपात झालेल्या बालकांचे अंश. ज्याचा विश्वास दृढ त्याला लशीची गरज नाही. चमचा निदान जमिनीवर पडला तरी खोटेपणा उघडा पडतो. हे संदेश भक्तीचे वस्त्र पांघरून आले, म्हणून ते अधिक घातक ठरले.

यांपैकी गर्भपेशींचा आक्षेप गंभीर आहे, म्हणून त्याला गंभीर उत्तर दिले पाहिजे. कोविशील्डच्या निर्मितीत वापरलेल्या पेशींचा वंश कित्येक दशकांपूर्वीच्या एका गर्भापासून सुरू झालेला आहे. लशीत कोणाचे अवयव मिसळलेले नाहीत. कोव्हॅक्सिनसाठी माकडाच्या मूत्रपिंडातील पेशी वापरल्या जातात. व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांत विभागाने २१ डिसेंबर २०२० च्या टिपणात या प्रश्नाचा निवाडा केला. निर्दोष पर्याय उपलब्ध नसेल, तेव्हा अशी लस घेणे नैतिकदृष्ट्या स्वीकारार्ह आहे, कारण घेणाऱ्याचा त्या दूरच्या दुष्कृत्याशी संबंध अत्यंत दुरान्वयाचा असतो. परमगुरुस्वामी फ्रान्सिस यांनी स्वतः जानेवारी २०२१ मध्ये लस घेतली आणि पुढे तिला प्रेमाची कृती म्हटले. हे टिपण आपल्या किती धर्मग्रामांत मराठीतून वाचून दाखवले गेले? वावडी मराठीत आली आणि उत्तर इंग्रजीत राहिले, ही खंत आम्हांस आजही आहे.

'विश्वास असेल तर लस कशाला?' म्हणणाऱ्यांना आम्ही एवढेच विचारतो, की मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असे प्रभूला कोणी सुचवले होते? आणि प्रभूने उडी टाकली काय?

परंतु त्याच व्हॅटिकनच्या टिपणात आणखी एक विधान आहे आणि लशीचे समर्थक ते सोयीस्करपणे गाळतात. लसीकरण ऐच्छिक असले पाहिजे, असे तिथे म्हटले आहे. त्याबरोबरच, सदसद्विवेकापोटी जो लस नाकारतो त्याने इतरांना संसर्ग होऊ नये म्हणून पराकाष्ठा केली पाहिजे, हेही बजावले आहे. आणि गरीब राष्ट्रांना लस मिळवून देणे हे नैतिक कर्तव्य ठरवले आहे. विवेकाचा मान, शेजाऱ्याची काळजी आणि गरिबांचा वाटा हे तिन्ही एकत्र घेतले, तरच ती शिकवण पूर्ण होते. आपल्याकडे काय झाले? नोव्हेंबर २०२१ मध्ये औरंगाबाद जिल्ह्यात लस न घेणाऱ्याला रेशन, गॅस आणि पेट्रोल देऊ नये, असा आदेश निघाला. डिसेंबरात नाशिक जिल्ह्यातही 'लस नाही, तर प्रवेश नाही' ही घोषणा झाली. मराठीत 'दंड' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. लस दंडात टोचायची असते, दंडाने नव्हे! श्रीमंताला रेशनची चिंता नसते. रेशन अडवले की गरिबाचीच चूल अडते. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी जेकब पुलियेल यांच्या खटल्यात लशीचे धोरण अवाजवी ठरवले नाही, पण कोणालाही लस घेण्यास भाग पाडता येणार नाही, हे स्पष्ट केले. आणि लशीच्या दुष्परिणामांची माहिती लोकांसमोर ठेवण्यास शासनाला सांगितले.

दुष्परिणामांचा हा मुद्दा सर्वांत नाजूक आहे आणि म्हणूनच तो लपवणे सर्वांत मोठी चूक ठरते. औषध म्हटले की अपाय आलाच, तो कितीही विरळ असो. १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी प्लेगच्या लशीची एक बाटली दूषित झाली आणि एकोणीस माणसे धनुर्वाताने मेली. हाफकिनवर ठपका आला आणि तो दूर व्हायला १९०७ साल उजाडले. एका बाटलीच्या दोषाने सबंध लस बदनाम होते, हे तेव्हाही दिसले. कोरोनाच्या लशीने तीव्र ॲलर्जी होऊन झालेला एक मृत्यू केंद्राच्या समितीने जून २०२१ मध्ये मान्य केला. कोविशील्डनंतर रक्ताच्या गुठळ्या होण्याचे प्रमाण दर दहा लाख डोसमागे एकाहूनही कमी असल्याचे त्याआधी, मे महिन्यात, सांगण्यात आले होते. दुसरीकडे अचानक मरण पावलेल्या तरुणांविषयी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने केलेल्या अभ्यासात, लशीने असा धोका वाढल्याचे आढळले नाही. कोरोनाने रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, घराण्यातील अकस्मात मृत्यूंचा इतिहास, मद्यपानाचा अतिरेक ही कारणे मात्र आढळली. कबरस्तानाच्या फाटकावरील कुजबुजीला हे उत्तर आहे. पण दहा लाखांतला तो एक ज्या घरातला असतो, त्या घराला टक्केवारी सांगून भागत नाही. त्या घराला चौकशी, कबुली आणि भरपाई मिळावी लागते. महाराष्ट्रातही एका तरुण डॉक्टर मुलीच्या वडिलांना त्यासाठी उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. अशा बापाला लसविरोधक म्हणून हिणवणे आम्हांस अमानुष वाटते. आणि त्याच्या दुःखाचा झेंडा करून इतरांच्या मुलांची लस रोखणे, तेही तितकेच अमानुष.

कारण या भांडणाची किंमत अखेर मुलांनीच मोजली. २०२२ च्या शरदात मुंबई, भिवंडी आणि आपल्या नाशिक जिल्ह्यातील मालेगाव येथे गोवराचा उद्रेक झाला. गोवराची लस नवी नव्हती, महाग नव्हती, वादग्रस्तही नव्हती. साथीच्या दोन वर्षांत नेहमीचे लसीकरण विस्कळीत झाले आणि सरकारी सुईविषयीचा संशय घराघरांत मुरला. एप्रिल-मे २०२० मध्ये ज्या मालेगावकडे सारा महाराष्ट्र बोट दाखवत होता, त्या मालेगावच्या यंत्रमाग कामगारांच्या वस्त्यांत मुले तापाने फणफणली. मोठ्यांचे वाद मोबाईलवर चालले होते. पुरळ उठले ते लेकरांच्या अंगावर.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी लाखो भाविक गोदाकाठी यावयाचे. नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला दर फेब्रुवारीत आपलीही गर्दी लोटते. पुढची साथ कोणत्या वर्षी येईल, ते आम्ही सांगू शकत नाही. ती आली, की पुन्हा सुई पुढे करावी लागेल आणि लोक पुन्हा विचारतील, मागच्या वेळी आमची माणसे किती गेली, ते तुम्ही खरे सांगितलेत का?

या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठी शासनाकडे डोळे लावून बसण्याची आपल्याला तरी आवश्यकता नाही. धर्मसभेच्या कायद्यानुसार प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्मा आणि विवाह यांच्याप्रमाणेच मृत्यूचीही नोंदवही असते. त्या वहीत रोगाचे राजकारण नसते. नाव, वय आणि तारीख असते. नाशिक धर्मप्रांतातील धर्मग्रामांनी २०१८ ते २०२२ या पाच वर्षांच्या नोंदी मोजाव्यात, नावे वगळून केवळ संख्या महिन्यावार मांडाव्यात आणि त्या जाहीर कराव्यात. आपला समाज लहान, आकडाही लहानच निघेल. पण तो खरा असेल. त्याच पाटीवर यंदा धर्मग्रामातील किती बालकांच्या लसी पूर्ण झाल्या, तेही लिहावे. मग मशिदीने, मठाने, ग्रामपंचायतीने आणि शेवटी महापालिकेने आपापल्या वह्या उघडाव्यात, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला मिळेल. येत्या २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, आपण कबरींवर मेणबत्त्या लावू, तेव्हा ती संख्या मंदिराच्या दाराशी लावलेली असावी, एवढी आमची मागणी आहे.